भास्कराचार्य आणि रंगांचे बीजगणित

सहावीच्या वर्गात बीजगणित सुरू होते आणि आकड्यांच्या वहीत अक्षरे येऊन बसतात. पाढे तोंडपाठ असलेली मुलेही इथे अडखळतात. मांडून दिलेले समीकरण ती सोडवतात, पण शाब्दिक उदाहरणात चल कोणते हे ओळखता येत नाही. आपण ज्याला चल म्हणतो आणि शेजारची कन्नड मुले चराक्षर म्हणतात, ते ओळखायला शिकवणारे एक थोर आचार्य सुमारे नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात होऊन गेले. त्या भास्कराचार्यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड, अशी नोंद भास्कराचार्यांनी स्वतः करून ठेवली आहे. हे गाव म्हणजे आपल्या उत्तर कर्नाटकातील विजापूर, असे काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते ते खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात होते. हा वाद अजून मिटलेला नाही. हुबळीत राहून मराठीत शिकणाऱ्या आपल्या मुलांना मात्र ते दोन्हीकडून आपलेच आहेत.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावती ही त्यांची मुलगी होती आणि तिच्या दुःखावर फुंकर घालण्यासाठी त्यांनी पुस्तकाला तिचे नाव दिले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिला पुरावा मात्र नाही. लीलावतीत मुख्यतः अंकगणित व भूमिती आहे. आपल्या विषयाचा भाग पुढचा, ‘बीजगणित’.

माहीत असलेली संख्या ती व्यक्त आणि शोधायची ती अव्यक्त, असे हे शास्त्र सांगते. पहिल्या अव्यक्ताचे नाव यावत्तावत्, म्हणजे जितके असेल तितके. अव्यक्ते अनेक असली तर पुढच्यांना रंगांची नावे : कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त पहिले अक्षर घ्यायचे : या, का, नी, पी, लो. नुसत्या संख्येला रू, म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. अव्यक्तांना रंग मानण्याची रीत सातव्या शतकातील ब्रह्मगुप्तांच्या काळापासूनची. भास्कराचार्यांनी ती व्यवस्थित मांडून, उदाहरणे देऊन शिकवली.

त्यांचे एक उदाहरण पाहा. एका माणसाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याकडे तशाच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रुपयांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत किती? इथे पुष्कळ मुले ‘क्ष म्हणजे घोडे’ असे लिहितात आणि फसतात. घोडे किती ते तर आधीच सांगितले आहे! माहीत नाही ती एका घोड्याची किंमत, तीच यावत्तावत्. आता एका ओळीत या ६ रू ३००, तिच्याखाली या १० रू १००, आणि कर्जाच्या शंभरावर टिंब. चार घोड्यांचे चारशे रुपये, म्हणून एका घोड्याचे शंभर. पडताळा घ्या : दोघांकडेही ९०० रुपयेच येतात.

दुसरे उदाहरण रत्नांचे. एकाकडे ५ माणके, ८ नीलमणी, ७ मोती आणि ९० रुपये. दुसऱ्याकडे ७ माणके, ९ नीलमणी, ६ मोती आणि ६२ रुपये. दोघे सारखेच श्रीमंत. एका माणकाची किंमत १४ आणि नीलमणी व मोती प्रत्येकी १ धरला तर हिशेब जुळतो. माणिक १३, नीलमणी ३ आणि मोती १ धरला तरी जुळतो! एक किंमत बदलली की दुसरी बदलते. चल हे नाव कसे सार्थ आहे, ते इथे कळते.

इ.स. ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मागे विद्या घरातच टिकली. नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापला. तेथील इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्यात जुन्या मराठीतील मजकूरही आहे : बाजारातील मालावरचा जो कर राजाकडे जात असे, तो मठाला दिल्याची ही नोंद. विश्वस्त मंडळींनी हे अवश्य लक्षात घ्यावे. आचार्यांची बुद्धी थोर होतीच, पण ती पुढच्या पिढ्यांना शिकवण्याची सोय बाजारातल्या पैशाने झाली.

पुढे ‘बीजगणित’ सतराव्या शतकात फारसीत आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांच्यामुळे इंग्रजीत गेले.

पालकांना एक विनंती. मूल गणित घेऊन बसले की उत्तर विचारण्याआधी ‘इथे क्ष म्हणजे काय?’ एवढेच विचारा. दुर्गदबैलच्या बाजारातून आणलेल्या तीन नारळांचा हिशेब असेल, तर ‘न म्हणजे नारळ’ हे उत्तर स्वीकारू नका. ‘न म्हणजे एका नारळाची किंमत, रुपयांत’ असे पूर्ण वाक्य मुलाकडून वहीत लिहून घ्या. आणि विद्यार्थी मित्रहो, ते वाक्य लिहिल्याशिवाय समीकरणाला हात घालू नका. तेवढे जमले की उरतो तो साधा हिशेब, आणि तो तुम्हाला येतोच.