काचेच्या नळीचा किमयागार

नांदेड, लातूरकडच्या घरांत एकेकाळी रेडिओचे बटण फिरवले, की नळी तापेपर्यंत थोडे थांबावे लागे. मग हैदराबाद किंवा सिलोन बोलू लागे. त्या तांबूस उजेडाच्या नळीला आवाज देणारे ली डी फॉरेस्ट यांचे आयुष्य मात्र वादळीच ठरले.

२६ ऑगस्ट १८७३ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात काउन्सिल ब्लफ्स येथे त्यांचा जन्म झाला. धर्मोपदेशक असलेले वडील पुढे अलाबामात कृष्णवर्णीयांच्या टॅलाडेगा महाविद्यालयाचे प्रमुख झाले. गोऱ्या शेजाऱ्यांनी कुटुंबाला दूर ठेवले आणि एकाकी मुलगा यंत्रांत रमला. १८९९ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

१९०४ मध्ये इंग्लंडच्या फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची नळी बनवली होती. १९०६ मध्ये डी फॉरेस्ट यांनी तापलेली तार आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये तिसरे अग्र आणले. तारेच्या या जाळीवरील क्षीण विद्युतदाबाच्या तालावर पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह कमी-जास्त होई. दुबळ्या संकेताला बळ देणारी ही नळी म्हणजे ऑडियन.

तिचे मर्म मात्र खुद्द जनकालाच पुरते उमगले नव्हते. नळीत थोडा वायू हवाच, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या दोन नळ्या एकसारख्या वागत नसत. हॅरल्ड अर्नोल्ड आणि अर्व्हिंग लँगम्यूर यांनी आतील हवा जवळजवळ पूर्ण काढली, तेव्हा कुठे नळी भरवशाची झाली.

१९१३ मध्ये टेलिफोनसाठीचे हक्क डी फॉरेस्ट यांनी ५० हजार डॉलरला विकले. सुधारलेल्या नळ्यांच्या बळावर १९१५ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को दूरध्वनीने जोडली गेली. त्याच सुमारास कंपनीच्या समभागविक्रीत फसवणूक झाल्याचा खटला त्यांच्यावर चालला. ते निर्दोष सुटले. काही सहकाऱ्यांना शिक्षा झाली. एडविन आर्मस्ट्राँग यांच्याशी पेटंटचा लढा वर्षानुवर्षे चालला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने कौल दिला, तरी अनेक अभियंत्यांच्या लेखी खरा मान आर्मस्ट्राँग यांचाच राहिला.

बोलपटासाठी फिल्मवर ध्वनी उमटवण्याच्या कामाबद्दल १९६० मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळाले. ३० जून १९६१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा गाठीशी जेमतेम साडेबाराशे डॉलर होते.

ट्रान्झिस्टरने नळीला मागे सारले, तरी हाय-फाय संगीताचे शौकीन आजही तिला सोडत नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरची पॉवर नळी थकली, की ऑडियनचा जुनाच प्रश्न समोर येतो. ईएल ३४ आणि केटी ८८ एकाच सॉकेटात बसतात, पण त्यांची भूक वेगळी. यंत्राला कोणती नळी सोसते, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावे. जोडीतील दोन्ही नळ्या सारखा प्रवाह ओढणाऱ्या, मोजून जुळवलेल्या घ्याव्यात आणि बसवल्यावर जाणकाराकडून बायस लावून घ्यावा. नाव एक असले तरी नळ्यांचा स्वभाव एक नसतो, हा धडा डी फॉरेस्ट यांच्या पहिल्या नळ्यांनीच दिला होता.