विश्लेषण : रॉबर्ट जॉन्सन यांची दंतकथा दोन फोटोंनी कशी बदलली?

अमेरिकी ब्लूज गायक आणि गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन १९३८ मध्ये अवघ्या २७व्या वर्षी गेले. पुढे रोलिंग स्टोन्स, एरिक क्लॅप्टन यांनी त्यांची गाणी जगभर नेली. पण जॉन्सन दिसत कसे होते, हे जवळपास अर्धशतक रसिकांना ठाऊकच नव्हते. या काळात सैतानाला आत्मा विकणारा गायक अशी त्यांची प्रतिमा पक्की होत गेली. मग दोन फोटो समोर आले आणि त्या प्रतिमेला धक्का बसला.

कोण होते रॉबर्ट जॉन्सन?

जॉन्सन यांचा जन्म १९११ मध्ये मिसिसिपी राज्यातील हेझलहर्स्टचा. बालपण काही काळ मेम्फिस शहरात, तर काही काळ कापसाच्या मळ्यांच्या भागात गेले. पहिली पत्नी व्हर्जिनिया १९३० मध्ये बाळंतपणात दगावली, बाळही वाचले नाही. त्यानंतर गिटार घेऊन गावोगाव फिरणे हेच त्यांचे आयुष्य झाले. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओ आणि जून १९३७ मध्ये डॅलस येथे त्यांनी एकूण २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. पुढच्याच वर्षी, १६ ऑगस्टला ग्रीनवुडजवळ त्यांचा मृत्यू झाला. मृत्यूच्या दाखल्यात कारणाच्या जागी डॉक्टर नसल्याची नोंद आहे. त्यामुळे विषप्रयोगाच्या कथेलाही वाव मिळाला.

सैतानाची गोष्ट कुठून आली?

सुरुवातीला जेमतेम गिटार वाजवणारे जॉन्सन काही काळ दिसेनासे झाले आणि परतले ते थक्क करणारे वादन घेऊन. मध्यरात्री चौकात त्यांनी सैतानाशी सौदा केला, असे मग सांगितले जाऊ लागले. खरे तर ही कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाशी जोडलेली होती. रॉबर्ट यांनी मधल्या काळात आइक झिमरमन या वादकाकडे धडे घेतले होते. म्हणजे चमत्कारामागे गुरू होता आणि रियाज होता.

फोटो नव्हता, तेव्हा मुखपृष्ठावर काय छापले?

कोलंबिया कंपनीने १९६१ मध्ये त्यांच्या गाण्यांची एलपी काढली. हाती फोटो नसल्याने मुखपृष्ठावर चित्र आले. खुर्चीत बसून गिटारवर वाकलेला माणूस, थेट वरून पाहिलेला. चेहरा दिसत नाही, जमिनीवर सावली मात्र पसरलेली. १९७०च्या दुसऱ्या एलपीवरील चित्रात ते भिंतीकडे तोंड करून गाताना दाखवले होते. नव्या श्रोत्यांना जॉन्सन भेटले ते असे, चेहरा नसलेले आणि एकटे. गूढ कथेला यापेक्षा पोषक चित्र कोणते असणार?

स्टुडिओतल्या फोटोत काय दिसते?

मेम्फिसमध्ये हूक्स ब्रदर्स हा कृष्णवर्णीय भावांनी १९०७ मध्ये सुरू केलेला स्टुडिओ होता. तिथे काढलेल्या फोटोत जॉन्सन बसलेले आहेत. पट्ट्यापट्ट्यांचा सूट, टाय, किंचित तिरकी हॅट, पायावर पाय आणि मांडीवर गिटार. हॅट असूनही चेहरा अंधारात गेलेला नाही, त्यामुळे हसू स्पष्ट दिसते. डाव्या हाताची लांब बोटे गिटारच्या तारांवर आहेत. ते काय काम करतात, हे सांगायला वेगळ्या मजकुराची गरज उरत नाही.

त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे लागू होते. कृष्णवर्णीय माणसाला जगाने कसे पाहायचे, हे बहुतेक ठिकाणी इतरच ठरवत. स्टुडिओत मात्र बैठक, कपडे आणि चेहऱ्यावरचा भाव निवडणे त्याच्या हातात असे. त्यातच गावोगाव फिरणाऱ्या कलावंताला रुबाबदार दिसणे ही व्यवसायाचीही गरज होती.

दुसरा फोटो वेगळा का वाटतो?

दुसरा फोटो नाणे टाकून स्वतःच काढायच्या यंत्रातला आहे. इथे छायाचित्रकार नाही, जागाही जेमतेम. प्रकाश समोरून सपाट पडलेला. साधा शर्ट, ओठांत सिगारेट, नजर थेट कॅमेऱ्यात, हसू नाही. एवढ्याशा चौकटीतही त्यांनी गिटारची मान आणि डावा हात चेहऱ्याजवळ आणला आहे. माणूस तोच, वाद्य आणि बोटेही आहेतच, पण प्रकाश आणि बैठक बदलताच भाव पार बदलतो.

मग बदलले काय?

हे फोटो जॉन्सन यांच्या सावत्र बहिणीने जपून ठेवले होते. १९७०च्या दशकात ते संशोधकांपर्यंत पोहोचले आणि १९८०च्या दशकात प्रसिद्ध झाले. १९९० मध्ये समग्र ध्वनिमुद्रणांचा संच निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर स्टुडिओतला फोटो होता. संचाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि त्याला ग्रॅमीही मिळाले.

प्रतिमेत फेरफार करण्याचा मोह तरीही सुटला नाही. १९९४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने यंत्रातल्या फोटोवरून तिकीट काढले, पण ओठांतली सिगारेट गाळून. २०२० मध्ये त्यांच्या दुसऱ्या एका सावत्र बहिणीच्या आठवणींचे पुस्तक आले. त्याच्या मुखपृष्ठावर तिसरा फोटो होता आणि त्यातही जॉन्सन हसतच आहेत.

सैतानाची कथा आजही सांगितली जाते. मात्र आता तिच्या शेजारी एक चेहराही असतो. तो आहे मेहनतीने शिकलेल्या, नीटनेटका सूट घालून फोटोला बसलेल्या आणि आपल्या बोटांचा अभिमान असलेल्या एका तरुण वादकाचा.