फुलपाखरांच्या छंदापायी वेड्या ठरलेल्या एलिनॉर ग्लॅनव्हिल



मधल्या सुट्टीत फुलपाखरामागे धावणारा मुलगा दिसला की आपण मोठी माणसे त्याला रिकामटेकडा म्हणून मोकळे होतो. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका स्त्रीला हाच छंद फार महाग पडला.

एलिनॉर गुडरिक यांचा जन्म १६५४ साली झाला. आईकडून त्यांना सॉमरसेट परगण्यातील टिकनहॅम येथील वाडा व जमीन मिळाली. पहिले पती लवकर वारले. १६८५ साली रिचर्ड ग्लॅनव्हिल यांच्याशी दुसरा विवाह झाला, पण तो सुखाचा झाला नाही. पती तापट होता, त्याचा डोळा इस्टेटीवर होता. शेवटी दोघे वेगळे झाले.

अशा परिस्थितीतही एलिनॉरबाईंनी फुलपाखरांचा अभ्यास केला. त्या कुंपणाच्या झुडपांखाली चादर धरीत, वरून काठीने फांद्या झोडपीत आणि खाली पडलेल्या अळ्या घरी नेऊन वाढवीत. त्या काळी कॅमेरा नव्हता; जपून ठेवलेला नमुना हाच पुरावा. असे नमुने त्या लंडनचे संग्राहक जेम्स पेटिव्हर यांना पाठवीत. लिंकनशायरमध्ये त्यांना नारिंगी रंगाचे, काळ्या चौकटींचे एक फुलपाखरू सापडले.

१७०९ साली त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात बरीचशी संपत्ती मुलांऐवजी एका नातलगाला दिलेली होती. मुलगा फॉरेस्ट न्यायालयात गेला. आई वेडी होती, असे त्याचे म्हणणे. आरोप इतरही होते, परंतु बाई झुडपे झोडपून किडे गोळा करते, ही शेजाऱ्यांची साक्षही वेडाचा पुरावा म्हणून पुढे आली. १७१२ साली मृत्युपत्र रद्द झाले.

खटला त्या हरल्या, पण नाव राहिले. त्या नारिंगी फुलपाखराला आज ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी म्हणतात. ब्रिटनमध्ये ते आता मुख्यतः आइल ऑफ वाइट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आढळते. तेथील समुद्रकडे ढासळतात, मोकळ्या झालेल्या मातीत आपल्या माळव्यातील इसबगोलाच्या कुळातली एक वनस्पती उगवते, आणि तिच्या पानांवर या अळ्या जगतात. थंड हवेच्या त्या किनाऱ्यावर ऊन पडले की मे-जून महिन्यांत ही फुलपाखरे उडू लागतात आणि हौशी लोक कॅमेरे घेऊन तेथे पोहोचतात. फिनलंडच्या ओलांड बेटांवर इल्का हान्स्की या शास्त्रज्ञाने १९९१ पासून हजारो लहान कुरणांत याच फुलपाखराची मोजदाद केली. जीवांच्या वस्त्या कशा नष्ट होतात आणि पुन्हा कशा वसतात, हे त्यातून जगाला समजले.

पालकांना माझी एकच विनंती. मुलगा किंवा मुलगी खिशात अळी घेऊन घरी आली तर रागावण्याआधी एकदा विचारा, ती कोणते पान खाते? उत्तर मिळाले, तर समजा अभ्यास सुरू झाला आहे.

— मुख्याध्यापक