विश्लेषण : दुसऱ्यांचे अडलेले सिनेमे पूर्ण करणारा कॅमेरामन भयपटांचा गुरू कसा झाला? कोण होते मारिओ बाव्हा?

ऑझी ऑस्बॉर्न यांचे जुलै २०२५ मध्ये निधन झाले, तेव्हा सोशल मीडियावर ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडच्या आठवणींचा पूर आला. आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजातही या बँडचे टी-शर्ट घालणारे कमी नव्हते. पण हे नाव आले कुठून, हे त्यांच्यापैकी फार जणांना ठाऊक नसावे. १९६९ मध्ये बर्मिंगहॅमच्या या चार तरुणांनी एका इटालियन भयपटाचे इंग्रजी नाव उचलले होते. घाबरण्यासाठी लोक पैसे मोजून रांगेत उभे राहतात, मग भीतीची गाणी का चालणार नाहीत, असा त्यांचा साधा हिशेब होता. तो सिनेमा १९६३ चा, दिग्दर्शक मारिओ बाव्हा. बँड जगभर गाजला. बाव्हा यांना मात्र आयुष्यभर तुटपुंज्या बजेटवर काम करावे लागले.

वडिलांचा वारसा काय होता?

बाव्हा यांचा जन्म ३१ जुलै १९१४ रोजी इटलीतल्या सानरेमो इथला. वडील युजेनिओ हे शिल्पकार आणि मूकपटांच्या काळातले कॅमेरामन. मारिओ जन्मले त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘काबिरिया’ या भव्य मूकपटाच्या ट्रिक दृश्यांत त्यांचा हात होता. मारिओंना चित्रकार व्हायचे होते. पण चित्रे विकून घर चालेना, म्हणून तेही वडिलांच्या धंद्यात उतरले. काचेवर चित्र रंगवून ते कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि नसलेला किल्ला उभा करायचा, आरसे लावून छोटी जागा मोठी दाखवायची, हे सारे ते घरातच शिकले. पुढे कॅमेरामन म्हणून त्यांचे बरे चालले होते.

चेहरा एका शॉटमध्ये म्हातारा कसा झाला?

१९५७ चा ‘इ वाम्पिरी’ हा बोलपटांच्या काळातला पहिला इटालियन भयपट मानला जातो. दिग्दर्शक होते रिकार्दो फ्रेडा. शूटिंग जेमतेम बारा दिवसांचे, आणि त्यातले दोन उरलेले असताना निर्मात्यांशी बिनसल्याने फ्रेडा निघून गेले. कॅमेरामन बाव्हा यांनी दोन दिवसांत सिनेमा पूर्ण केला. पोस्टरवर नाव अर्थातच फ्रेडांचे.

यात तरुण मुलींच्या रक्तावर तारुण्य टिकवणारी एक उमराव स्त्री आहे. कॅमेऱ्यासमोर, कुठेही कट न करता, तिचा चेहरा सुरकुततो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मग हे केले कसे? कृष्णधवल फिल्मला रंग कळत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो. अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या आणि प्रकाश लाल फिल्टरमधून सोडायचा. लाल प्रकाशात त्वचा आणि लाल रेघा सारख्याच उजळ दिसतात, म्हणजे सुरकुत्या गायब. मग हळूहळू लाल काढून हिरवा प्रकाश आणायचा. लाल रंग हिरवा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे त्याच रेघा काळ्या होऊन वर येतात. ही युक्ती बाव्हांनी शोधलेली नाही. १९३१ च्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये ती आधीच वापरली गेली होती. पण खर्च किती, तर दोन फिल्टर आणि थोडा मेकअप. माझ्या मते बाव्हांची सगळी कारकीर्द या एका शॉटमध्ये आहे.

१९५९ मध्ये पुन्हा तेच घडले. ‘काल्तिकी’ या सिनेमातून फ्रेडा मध्येच बाहेर पडले. या वेळी मात्र बाव्हा दिग्दर्शक म्हणून पुढे यावेत म्हणून आपण मुद्दाम गेलो, असे ते नंतर सांगत. त्यातला थुलथुलीत राक्षस बाव्हांनी चक्क वजडीपासून बनवला होता. सेटवर वास कसा येत असेल, याची कल्पना न केलेली बरी! त्याच वर्षी ‘द जायंट ऑफ मॅरेथॉन’चे राहिलेले कामही त्यांनीच निस्तरले. अखेर गॅलाटिया या निर्मिती कंपनीने त्यांना स्वतःचा सिनेमा करायला सांगितले. तेव्हा ते पंचेचाळिशीत होते.

गोगोलची गोष्ट पडद्यावर कशी आली?

बाव्हांनी रशियन साहित्यातील निकोलाय गोगोल यांची ‘व्ही’ ही १८३५ ची दीर्घकथा निवडली. मूळ कथेत एका विद्यार्थ्याला चेटकिणीच्या प्रेताजवळ तीन रात्री चर्चमध्ये पाठ करत बसावे लागते. ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ (१९६०) मध्ये त्यातले फार थोडे उरले. इथे सतराव्या शतकातल्या मोल्दाव्हियात राजकन्या आसाला चेटकीण ठरवले जाते. तिला शिक्षा फर्मावतो तिचा सख्खा भाऊ. आतून खिळे असलेला मुखवटा तिच्या चेहऱ्यावर हातोड्याने ठोकला जातो. दोनशे वर्षांनी एका डॉक्टरच्या रक्ताच्या थेंबांनी ती जागी होते आणि हुबेहूब तिच्यासारख्या दिसणाऱ्या वंशजेचा जीव मागते. दोन्ही भूमिका बार्बरा स्टील या ब्रिटिश अभिनेत्रीच्या. धुके, पडका चॅपल, कोळीष्टके आणि मधोमध तो खिळ्यांच्या खुणा असलेला चेहरा.

अमेरिकी वितरकांनी हिंसक दृश्ये छाटली, संगीत बदलले आणि ‘ब्लॅक संडे’ या नावाने सिनेमा लावला. तिथे तो चांगला चालला. ब्रिटनमध्ये मात्र १९६८ पर्यंत त्यावर बंदी होती.

इतके होऊनही बजेट का वाढले नाही?

याचे उत्तर बाव्हांच्या कौशल्यातच होते. कमी पैशांत काम होते म्हटल्यावर निर्माते जास्त देतील कशाला? १९६४ च्या ‘सेई दोन्ने पेर लास्सासिनो’मध्ये कॅमेरा फिरवायला ट्रॉली नव्हती, तर लहान मुलांच्या खेळण्यातली गाडी वापरली. १९६५ च्या अंतराळपटात परग्रह उभा केला तो प्लास्टिकचे दोन खडक, आरसे आणि भरपूर धूर यांवर. ‘एलियन’ (१९७९) पाहिलेल्यांनी तो जरूर पाहावा, मेलेल्या महाकाय परग्रहवासीयाचा सांगाडा ओळखीचा वाटेल. ‘ओपेराझिओने पाउरा’च्या (१९६६) शूटिंगमध्येच पैसे संपले. त्यातली चेंडू खेळणारी भुताची मुलगी एका मुलाने साकारली आहे. दोन वर्षांनी फेलिनी यांच्या लघुपटातही चेंडू घेतलेली तशीच मुलगी दिसली.

१९६८ मध्ये दिनो दे लाउरेंतिस यांनी ‘डायबोलिक’साठी मोठी रक्कम देऊ केली. बाव्हांनी त्यातला लहानसा हिस्साच खर्च केला. निर्माते खूश झाले आणि त्यांनी पुढचा भाग करायला सांगितले. बाव्हांनी नकार दिला.

अखेरची वर्षे कशी गेली?

मनासारखा करायला मिळालेला ‘लिसा ए इल दियावोलो’ (१९७३) विकलाच गेला नाही. ‘एक्सॉर्सिस्ट’ची लाट आली तसा निर्मात्याने त्यात भूत उतरवण्याची दृश्ये घुसवून तो वेगळ्या नावाने खपवला. १९७४ मध्ये ‘कानी अराब्बियाती’ हा थरारपट जवळपास पूर्ण होत आला, तोच निर्मात्याचे दिवाळे निघाले आणि रिळे जप्त झाली. १९७७ च्या ‘शॉक’मध्ये मुलगा लाम्बेर्तो सोबतीला होता. ‘डेमन्स’चा दिग्दर्शक म्हणून पुढे गाजला तो हाच.

दारिओ अर्जेंतो यांच्या ‘इन्फर्नो’ (१९८०) मधल्या काही ट्रिक दृश्यांना बाव्हांनी मदत केली. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. एप्रिल १९८० मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, रोममध्ये त्यांचे निधन झाले. त्याच आठवड्यात आल्फ्रेड हिचकॉक गेले. साहजिकच मोठ्या बातम्या हिचकॉक यांच्या झाल्या.

जप्त झालेली ती रिळे नव्वदच्या दशकात सुटली. सिनेमा जुळवून लोकांसमोर आला, तेव्हा दिग्दर्शकाला जाऊन पंधरा वर्षे उलटून गेली होती.