सुट्या भागांची गाडी

न्यूझीलंडचे जगप्रसिद्ध मोटार शर्यतपटू आणि मोटार-निर्माते ब्रूस मॅक्लरेन यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे. एका जुन्या, मोडक्या गाडीच्या दुरुस्तीपासून सुरुवात करून ते कोठवर पोहोचले आणि त्यासाठी त्यांनी किती कष्ट घेतले, हे या पाठावरून समजते.

न्यूझीलंड हा प्रशांत महासागरातील एक लहानसा देश आहे. तेथील ऑकलंड शहरात ३० ऑगस्ट १९३७ रोजी ब्रूस मॅक्लरेन यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव लेस आणि आईचे नाव रूथ. शहराच्या रेम्युएरा भागात वडिलांचा पेट्रोल पंप होता. त्याला जोडूनच मोटारदुरुस्तीचे गॅरेज होते. त्यामुळे तेल, वंगण, पाने आणि हातोड्या यांच्या सहवासातच ब्रूस लहानाचा मोठा झाला. वडिलांना वेगाची आवड होती. तरुणपणी ते मोटारसायकलींच्या शर्यतीत भाग घेत असत. तीच आवड मुलाच्या अंगी उतरली.

पण ब्रूस नऊ वर्षांचा असताना घरावर संकट आले. तो लंगडू लागला. डॉक्टरांनी तपासले, तेव्हा त्याला 'पर्थीस' नावाचा रोग झाल्याचे कळले. या रोगात मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला पुरेसे रक्त मिळत नाही. हाड ठिसूळ होते आणि त्याचा आकार बिघडतो. ब्रूसला ऑकलंडजवळच्या टाकापुना येथील विल्सन होम या मुलांच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे सुमारे दोन वर्षे त्याला अंथरुणाला खिळून राहावे लागले. धावण्या-खेळण्याचे ते वय! तो बरा होऊन घरी आला, पण त्याचा डावा पाय उजव्या पायापेक्षा आखूड राहिला. पुढे जन्मभर तो थोडासा लंगडतच चालला. मैदानी खेळांत चमकण्याची आशा संपली. गॅरेजचे दार मात्र उघडे होते. तेथे लंगड्या पायाची अडचण नव्हती. तेथे काम होते ते डोळ्यांचे, हातांचे आणि डोक्याचे.

१९५२ साली वडिलांनी ११० पौंडांना एक जुनी मोटार विकत घेतली. ती होती १९२९ सालची 'ऑस्टिन सेव्हन अल्स्टर'. ऑस्टिन सेव्हन ही इंग्लंडमधील सामान्य माणसांची लहान गाडी. 'अल्स्टर' हा तिचाच शर्यतीसाठी बनवलेला प्रकार. गाडी घरी आली खरी, पण ती गाडी कसली! तिचे सारे भाग सुटे झालेले होते. सांगाडा एकीकडे, इंजिन दुसरीकडे. ती दुरुस्त करून विकून टाकावी, असा वडिलांचा विचार होता. ब्रूसने हट्ट धरला. ही गाडी आपल्याकडेच ठेवावी, असे त्याने वडिलांना पुन्हा पुन्हा विनवले. अखेर वडिलांनी मान्य केले आणि बापलेक कामाला लागले.

शाळा सुटली की ब्रूस गॅरेजमध्ये धावे. एकेक भाग घासून स्वच्छ करायचा, झिजलेला भाग वेगळा काढायचा, नीट असलेला भाग जागच्या जागी बसवायचा. या गाडीचे इंजिन फारच लहान होते. ७५० घन सेंटिमीटरही नाही. तिचे ब्रेक तेलाच्या दाबावर नव्हे, तर तारांच्या ओढीवर चालत. एका चाकाची तार थोडी सैल राहिली की ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाई. म्हणून चारही चाकांच्या तारा सारख्या ताणणे हेही एक कौशल्यच होते. घरामागच्या आवारात झाडांमधून त्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट तयार केली. त्या वाटेवर गाडी फिरवून तो सराव करी. काही बिघडले की पुन्हा गॅरेजमध्ये नेऊन उघडी.

गाडी चालू झाली, पण तेवढ्याने ब्रूसचे समाधान झाले नाही. ती अधिक वेगाने कशी धावेल, याचा तो विचार करू लागला. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि मग ते पेटते. मिश्रण जितके अधिक दाबले जाईल, तितका जोर अधिक मिळतो. मात्र जोर वाढला की उष्णताही वाढते आणि कमकुवत भाग तुटतात. वेग वाढवला तर ब्रेकही सुधारावे लागतात. एक बदल केला की तो दुसरा बदल मागतो. गाडी म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या भागांचे कुटुंबच होय, ही गोष्ट ब्रूस त्या लहानशा ऑस्टिनकडून शिकला. त्याच वर्षी मुरीवाई येथे चढणीच्या रस्त्यावरील स्पर्धेत त्याने या गाडीतून भाग घेतला. शर्यतीच्या जगातले ते त्याचे पहिले पाऊल होते.

पुढे ब्रूसने अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले. शिक्षणाबरोबर शर्यतीही चालू होत्या. १९५८ साली न्यूझीलंडमधील मोटार शर्यतींच्या संस्थेने एका होतकरू चालकाला युरोपात पाठवण्याची योजना आखली. त्यासाठी ब्रूसची निवड झाली. वयाच्या विसाव्या वर्षी तो इंग्लंडला गेला आणि कूपर कंपनीच्या गाड्या चालवू लागला. त्या काळी शर्यतीच्या बहुतेक गाड्यांचे इंजिन पुढे असे. कूपरच्या गाड्यांचे इंजिन चालकाच्या मागे होते. त्यामुळे गाडी हलकी होई आणि वळणावर चपळ राही. कूपरच्या कारखान्यात मॅक्लरेन केवळ चालक म्हणून वावरले नाहीत. ते कारागिरांबरोबर स्वतः राबत. त्याच वर्षी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या अवघड मार्गावर त्यांनी आपल्या लहान इंजिनाच्या गाडीतून एकंदरीत पाचवा क्रमांक मिळवला आणि आपल्या गटात ते पहिले आले.

१२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेतील सेब्रिंग येथे ग्रां प्री शर्यत होती. कूपर संघाचे जॅक ब्रॅबम आघाडीवर होते. शेवटच्या फेरीत त्यांच्या गाडीतले पेट्रोल संपले. मागून येणारे मॅक्लरेन पुढे गेले आणि त्यांनी शर्यत जिंकली. ब्रॅबम यांनी गाडी ढकलत नेऊन शर्यत पूर्ण केली आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद मिळवले. मॅक्लरेन तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते. ग्रां प्री जिंकणारे सर्वांत तरुण चालक हा त्यांचा विक्रम स्पेनच्या फर्नांडो अलोन्सोने २००३ साली मोडला.

१९६३ साली मॅक्लरेन यांनी स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीची कार्यशाळा म्हणजे लंडनजवळच्या न्यू मॉल्डन येथील एक साधी शेड होती. जमीन मातीची आणि शेजारी रस्ते सपाट करणारे यंत्र उभे! पण मॅक्लरेन यांना याचे काही वाटले नाही. मोठी कामे लहान गॅरेजमध्येही होऊ शकतात, हे त्यांनी लहानपणीच पाहिले होते. त्यांनी अमेरिकेतून एक जुनी शर्यतीची गाडी विकत घेतली. तिचा मधला सांगाडा बदलून नवा बसवला आणि आठ सिलिंडरांचे अधिक ताकदीचे अमेरिकन इंजिन तिच्यात घातले. १९६४ साली कॅनडातील मोस्पोर्ट येथे या गाडीने शर्यत जिंकली.

याच सुमाराची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका गाडीची चाचणी चालू होती. मॅक्लरेन स्वतः गाडी चालवत होते. पेट्रोल भरण्याच्या तोंडावरचे झाकण सारखे फडफडत होते. ते कोणीतरी नीट बसवले नाही, म्हणून त्यांना राग आला. पण क्षणभराने त्यांच्या मनात विचार आला. वेग वाढला की समोरच्या वाऱ्याने झाकण अधिक घट्ट दाबले जायला हवे; मग हे वर का उचलले जाते? याचा अर्थ उघड होता. आतमध्ये हवा कोंडली जात होती आणि ती झाकणाला बाहेर ढकलत होती. त्यांनी गाडी थांबवली, पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागचा आवरणाचा भाग कापून टाकला. कोंडलेल्या हवेला वाट मिळाली. ते पुन्हा गाडीत बसले आणि प्रत्येक फेरी आधीपेक्षा कमी वेळात पूर्ण होऊ लागली. जे झाकण दुसऱ्याने नुसते घट्ट करून सोडून दिले असते, त्यातून मॅक्लरेन यांना नवी कल्पना सुचली.

त्यानंतर यश मिळत गेले. १९६६ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत त्यांनी ख्रिस एमन यांच्या जोडीने फोर्ड गाडीतून जिंकली. उत्तर अमेरिकेतील 'कॅन-ॲम' या शर्यतमालिकेत त्यांच्या नारिंगी गाड्यांनी दबदबा निर्माण केला. १९६७ आणि १९६९ साली ते स्वतः या मालिकेचे विजेते ठरले. १९६९ साली तर मालिकेतील अकराच्या अकरा शर्यती मॅक्लरेन आणि त्यांचे सहकारी डेनी हल्म या दोघांनीच जिंकल्या. १९६८ साली बेल्जियममधील स्पा येथे त्यांनी आपलेच नाव असलेल्या गाडीतून ग्रां प्री शर्यत जिंकली. गंमत अशी, की पुढची गाडी पेट्रोल भरण्यासाठी थांबली हे त्यांना ठाऊकच नव्हते. शर्यत संपल्यावर कोणी सांगितले, तेव्हा आपण जिंकलो हे त्यांना कळले.

शर्यतीची गाडी साध्या रस्त्यावरही चालवता आली पाहिजे, असे मॅक्लरेन यांना वाटत असे. म्हणून त्यांनी 'एम ६ जीटी' ही छप्पर असलेली वेगवान गाडी तयार करवून घेतली. ती ते रोज वापरत. रोजच्या वापरात तिच्यातले कोणते दोष दिसतात, याकडे त्यांचे लक्ष असे. अशा आणखी गाड्या बनवण्याचा त्यांचा बेत होता.

या व्यवसायातला धोका त्यांना माहीत नव्हता असे नाही. १९६४ साली त्यांच्या संघातील टिमी मेयर हा तरुण अमेरिकन चालक टास्मानियात अपघातात मरण पावला. मॅक्लरेन यांना फार दुःख झाले. आयुष्याचे मोल वर्षांच्या संख्येवरून नव्हे, तर हातून घडलेल्या कामावरून ठरते, अशा आशयाचे विचार त्यांनी तेव्हा लिहून ठेवले.

२ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवुड येथे मॅक्लरेन नव्या कॅन-ॲम गाडीची चाचणी घेत होते. सरळ मार्गावर गाडी अतिशय वेगात असताना तिच्या मागच्या बाजूचे आवरण निखळले. त्या आवरणावरील हवेच्या दाबामुळेच मागची चाके जमिनीला धरून होती. तो आधार जाताच गाडी गरगर फिरली आणि मार्गाकडेच्या बांधकामावर आदळली. मॅक्लरेन जागीच मरण पावले. एका सैल झाकणाने त्यांना नवी वाट दाखवली होती. एका निखळलेल्या आवरणाने त्यांचा प्राण घेतला. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. मागे पत्नी पॅट्रिशिया आणि लहान मुलगी अमांडा होती. त्यांचा देह ऑकलंडला नेऊन दफन करण्यात आला.

संघावर आभाळ कोसळले. तरीही सहकाऱ्यांनी प्रयत्नांची शिकस्त केली. डेनी हल्म यांचे हात थोड्याच दिवसांपूर्वी आगीत भाजले होते. तशा हातांनी त्यांनी चाक धरले. दोन आठवड्यांच्या आत मोस्पोर्टची शर्यत मॅक्लरेन गाडीनेच जिंकली आणि त्या वर्षीची कॅन-ॲम मालिका हल्म यांनी जिंकली. पुढे १९७४ साली मॅक्लरेन संघाने फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले. रस्त्यावरच्या वेगवान गाडीचे ब्रूस यांचे स्वप्नही १९९० नंतरच्या दशकात कंपनीने पुरे केले.

ती ११० पौंडांची ऑस्टिनही मोडीत गेली नाही. कंपनीने ती मोलाच्या ठेव्यासारखी जतन केली. जगातल्या अतिवेगवान गाड्यांची परंपरा याच गाडीपासून, एका लंगडणाऱ्या मुलाच्या काळ्या झालेल्या हातांतून सुरू झाली.

शब्दार्थ

शर्यत – वेगाची स्पर्धा, दौड
दुरुस्ती – मरम्मत
वंगण – यंत्र सहज फिरावे म्हणून लावलेले घट्ट तेल
ठिसूळ – सहज तुटणारे
आखूड – लांबीने कमी
होतकरू – पुढे नाव काढील असा
शिकस्त करणे – खूप प्रयत्न करणे (उर्दूतील 'पराभव' हा अर्थ येथे नाही)
निखळणे – जागेवरून सुटणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ब्रूसच्या वडिलांचा व्यवसाय कोणता होता?
(आ) ब्रूसला लहानपणी कोणता रोग झाला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ऑस्टिन गाडीकडून ब्रूस काय शिकला?
(आ) फडफडणाऱ्या झाकणावरून मॅक्लरेन यांनी कोणता निष्कर्ष काढला?

३. वाक्यात उपयोग करा.
अंथरुणाला खिळणे, हट्ट धरणे, आभाळ कोसळणे.

४. तुमच्या परिसरातील गॅरेजला भेट द्या. तेथे पाहिलेल्या एखाद्या दुरुस्तीचे वर्णन आठ-दहा ओळींत करा.