पडद्यामागचे नारायणराव



वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत तालमींची गडबड सुरू होते. म्हणून या अंकातील थोरांच्या चरित्रासाठी मी एका नटाची निवड केली आहे. त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या इंदुरात मुंबई-पुण्याची नाटके येतात. प्रयोग संपला की रंगमंचामागच्या दाराशी गर्दी होते. कोणाला स्वाक्षरी हवी असते, कोणाला मोबाईलवर फोटो हवा असतो, कोणाला नुसता हात मिळवायचा असतो. आवडत्या कलावंताला जवळून पाहावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. पण कौतुक कसे करावे आणि कोठे थांबावे, हे आपोआप येत नाही. ते शिकावे लागते. मराठी रंगभूमीवर ज्यांच्याइतके प्रेम क्वचितच कोणाला मिळाले असेल, त्या बालगंधर्वांच्या चरित्रातून हा धडा फार चांगला शिकता येतो.

त्यांचे मूळ नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८ चा. घरची परिस्थिती साधारण, पण गळा देवाने दिलेला. दहा-बारा वर्षांचे असताना पुण्यात त्यांचे गाणे लोकमान्य टिळकांनी ऐकले आणि कौतुकाने त्यांना बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. हे नाव पुढे इतके रूढ झाले की मूळ नाव लोक विसरूनच गेले. कानाच्या दुखण्यावर उपचार व्हावेत म्हणून कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना साहाय्य केले. पुढे १९०५ मध्ये मिरज मुक्कामी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. शकुंतला ही त्यांची पहिली मोठी भूमिका. गाण्याची तालीम त्यांना भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गुरूंकडून मिळाली.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या काळी कुलीन घरातील स्त्रियांनी रंगभूमीवर येणे समाजाला मान्य नव्हते. म्हणून स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. किर्लोस्कर मंडळीतील अशा भूमिकांचे गाजलेले गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले होते. ती रिकामी जागा तरुण नारायणरावांनी भरून काढली. त्यांचे चालणे, बोलणे, पदर सावरणे इतके स्वाभाविक असे की प्रेक्षागृहातील स्त्रिया ते निरखून पाहत आणि घरी जाऊन तसे नेसण्याचा, तसा केसांत गजरा माळण्याचा प्रयत्न करीत. एक पुरुष कलावंत घरोघरच्या स्त्रियांचा आदर्श व्हावा, ही घटना आजही नवलाची वाटते.

अशा लोकप्रियतेच्या सुरुवातीलाच त्यांच्या आयुष्यात एक कठीण दिवस आला. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या संगीत मानापमान या नाटकाचा पहिला प्रयोग होता. नारायणराव नायिका भामिनीची भूमिका करणार होते. तिकिटे विकली गेली होती. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा, असे मंडळीतील लोकांना वाटत होते. परंतु आलेल्या प्रेक्षकांना माघारी पाठवायचे नाही, असे नारायणरावांनी ठरवले. ते रंगले, नेसले, रंगमंचावर उभे राहिले आणि गायले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, पदे पुन्हा मागून घेतली आणि त्यांनी ती पुन्हा म्हटली.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु आपण क्षणभर प्रेक्षकांच्या बाजूने विचार करू. आपण ज्याला हसताना, गाताना पाहत आहोत त्याच्या घरी आज काय घडले आहे, हे समोर बसलेल्या रसिकांना कळण्याचा काही मार्ग नव्हता. आजही आपल्याला ते कळत नाही. कलावंत रंगमंचावर जे दाखवतो तेवढेच आपल्याला दिसते. त्यामागे एक माणूस असतो आणि त्याची सुखदुःखे त्याची स्वतःची असतात. पडदा पडल्यावर ज्याला आपण भेटायला जातो ती भामिनी नसते, ते नारायणराव असतात. एवढे ध्यानात ठेवले तरी कसे वागावे हे पुष्कळसे समजते.

१९१३ मध्ये नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा आश्रय या मंडळीला लाभला. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला या नाटकाचा पहिला प्रयोग १९१९ मध्ये बडोद्यालाच झाला. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी निवर्तले होते. त्यांना आपले हे नाटक रंगमंचावर पाहता आले नाही. या नाटकात नारायणरावांनी दारुड्या पतीची सोशिक पत्नी सिंधू उभी केली. भरजरी शालू आणि दागिन्यांत त्यांना पाहण्याची लोकांना सवय झाली होती. पण सिंधूची गरिबी दाखवण्यासाठी ते ठिगळ लावलेले लुगडे नेसून आले. चाहत्यांना काय आवडते यापेक्षा भूमिकेला काय हवे आहे, हे त्यांनी येथे मोठे मानले. खऱ्या रसिकांनी ते मनापासून स्वीकारले.

प्रेक्षकांविषयी त्यांची भावना अत्यंत नम्र होती. रसिकांना ते मायबाप मानत. भेटणाऱ्या लहानथोर सर्वांना देवा म्हणून हाक मारण्याची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. आलेल्या माणसाला उत्तमच मिळाले पाहिजे, या हट्टापायी खर्चाचा हिशेब त्यांनी कधी केला नाही. किमती वस्त्रे, गालिचे, अत्तरे, कादरबक्षांची सारंगी, अहमदजान थिरकवांचा तबला, असा सगळा थाट असे.

रसिकांनीही त्यांना भरभरून प्रेम दिले, पण त्या प्रेमाची एक दुसरी बाजूही होती. ती म्हणजे वन्स मोअर. पद आवडले की प्रेक्षागृहातून पुन्हा म्हणण्याची मागणी होई. एकाच पदाला अशी मागणी अनेकदा होई आणि नारायणराव सहसा नाही म्हणत नसत. मानापमान किंवा स्वयंवर यांसारख्या नाटकांत पन्नासच्या आसपास पदे. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. यात आनंद होता यात शंका नाही. पण कथा मध्येच थांबे, दुःखात बुडालेली नायिका तेच पद पुन्हा म्हणू लागे, सोबतचे नट तिष्ठत उभे राहत आणि गळ्यावर ताण पडे तो वेगळाच. नाटकाची मैफल होऊन जाते, असा आक्षेप जाणकार त्या काळातही घेत. देणारा नाही म्हणत नाही, तेव्हा किती मागावे हे मागणाऱ्यानेच ठरवायचे असते.

चाहत्यांचा आणखी एक दोष म्हणजे गट पाडणे. त्या काळात ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले हेही तितकेच लोकप्रिय गायक नट होते. कोण श्रेष्ठ यावर दोघांचे चाहते हिरिरीने वाद घालत. अशा वेळी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून संयुक्त मानापमान केले. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. उत्तम तिकिटाचा दर त्या काळी शंभर रुपये होता, तरी गर्दी लोटली. ज्यांच्या नावाने लोक भांडत होते ते दोघे देशकार्यासाठी एका रंगमंचावर शेजारी उभे होते. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव निवर्तले. तो प्रयोग झालाच नसता तर चाहत्यांच्या हाती नुसता वादच उरला असता.

याच सुमारास गंधर्व मंडळी मोठ्या कर्जात असल्याचे उघडकीस आले. हितचिंतकांनी देणगी गोळा करून ते फेडण्याची तयारी दाखवली. नारायणरावांनी ती नम्रपणे नाकारली आणि प्रयोग करूनच कर्ज फेडण्याचे ठरवले. रसिकांना त्यांनी मायबाप म्हटले, पण त्यांच्यापुढे हात पसरला नाही. त्यांना मदत करायची तर तिकीट काढून नाटक पाहणे हाच मार्ग होता. कलावंताचा सन्मान राखून मदत कशी करावी, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पुढे काळ बदलला. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. नारायणरावांनीही प्रभात कंपनीच्या धर्मात्मा या १९३५ च्या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. पण लोकांच्या मनात बालगंधर्व म्हणजे भामिनी, रुक्मिणी आणि सिंधूच होत्या. त्यांचेही मन कॅमेऱ्यापुढे रमले नाही. ते पुन्हा रंगभूमीवर आणि स्त्रीवेषात परतले. आता पन्नाशी जवळ आली होती, शरीर स्थूल झाले होते, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या होत्या. काही लोक पूर्वीच्याच भक्तीने येत. काही मात्र तुलना करीत, कुजबुजत. ज्यांनी त्यांना दुसऱ्या कोणत्या रूपात पाहायचेच नाकारले, त्यांनीच वय झाल्याबद्दल त्यांना हसावे, हे न्यायाचे नव्हते. वाढत्या वयाचा अधिकार कलावंतालाही असतो. पुढे पायांनी साथ सोडली, तेव्हा नारायणराव बसून भजने गाऊ लागले.

मानसन्मान उशिरा का होईना मिळाले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण. १९६२ मध्ये पुण्यात त्यांच्या नावाच्या नाट्यगृहाचे भूमिपूजन त्यांच्याच हस्ते झाले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले ते २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी. ते पाहायला नारायणराव नव्हते. त्या रंगमंदिरासाठी चित्रकार गोपाळ देऊसकरांनी त्यांची दोन भव्य चित्रे काढली. एक स्त्रीभूमिकेतले आणि एक पुरुषवेषातले. एकाच माणसाची ही दोन रूपे जवळजवळ पाहिली की कलावंत आणि माणूस, दोघांचाही मान राखायचा असतो, हे न सांगता कळते.

मुलांनो, आता आपल्याकडे वळू. प्रयोग चालू असताना कौतुक टाळ्यांनी करावे, ओरडून नव्हे. नाटक संपताच रंगपटात घुसू नये. तेथे कलावंत कपडे बदलत असतात, रंग उतरवत असतात, दोन तास बोलून थकलेले असतात. दाराबाहेर शांतपणे वाट पाहावी. भेट झाली तर प्रथम नमस्कार करावा आणि काय आवडले ते एका वाक्यात सांगावे. ते मोठ्या कलावंतालाही हवे असते. फोटो काढायचा असेल तर आधी विचारावे, नाही म्हटले तर मनात राग धरू नये. मागे उभ्या असलेल्यांनाही भेटायचे आहे, हे विसरू नये. केवळ प्रमुख नटाभोवती गर्दी न करता लहान भूमिका करणाऱ्यांना, पेटी-तबला वाजवणाऱ्यांना आणि पडदा ओढणाऱ्यांनाही धन्यवाद द्यावेत.

पालकांनाही एक नम्र विनंती. स्नेहसंमेलनाच्या दिवशी आपल्या मुलाचा फोटो काढण्यासाठी रंगपटात किंवा विंगेत येऊ नये. तेथे आधीच घाबरलेली वीस-पंचवीस मुले असतात. ज्या मुलाला वाक्य आठवले नाही त्याचेही कार्यक्रमानंतर तितक्याच आपुलकीने कौतुक करावे. पुढच्या वर्षी पुन्हा रंगमंचावर येण्याचे धैर्य त्याला त्यातूनच मिळेल.

सर्वांना स्नेहसंमेलनासाठी हार्दिक शुभेच्छा.

— प्राचार्य