ऑल्बनीच्या समितीत गळालेले एक कलम

अधिवेशन सुरू झाले की वृत्तपत्रांचे सारे लक्ष सभागृहाकडे लागते. कामकाज किती वेळा तहकूब झाले, कोणत्या पक्षाने सभात्याग केला, अध्यक्षांनी कोणास समज दिली, याच्या बातम्या होतात. विधेयकाचे भवितव्य मात्र पुष्कळदा समितीच्या बंद खोलीत ठरत असते. तेथे एखादे कलम येते, एखादे गळते, एखाद्या 'करील'च्या जागी 'करू शकेल' असा शब्द बसतो आणि कायद्याचा कणाच बदलून जातो. राजधानीतील मंत्रालयांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांना हे नव्याने सांगावयास नको. जंगल, पाणी आणि जमीन यांच्या कायद्यांबाबत तर हे विशेषच खरे आहे. कारण त्यांत सार्वजनिक हित आणि खासगी मालकी यांची गाठ प्रत्येक ओळीत पडते.

या समिती-राजकारणाचा धडा ज्यांनी तरुणपणी घेतला आणि पुढे आयुष्यभर वापरला, अशा नेत्यांत फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांचे नाव अग्रभागी ठेवावे लागेल. चार वेळा अमेरिकेचे अध्यक्षपद जिंकणारे, महामंदीशी आणि नंतर दुसऱ्या महायुद्धाशी झुंजणारे रूझवेल्ट सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा प्रारंभ न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमधील वन, मत्स्य व शिकार समितीच्या अध्यक्षपदावरून झाला, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी हडसन नदीकाठच्या हाइड पार्क येथे एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. हार्वर्डमधील शिक्षण, कोलंबियातील कायद्याचा अभ्यास आणि न्यूयॉर्कमधील एका बड्या वकिली पेढीतील उमेदवारी हा त्यांचा मार्ग त्या वर्गातील तरुणांच्या ठरलेल्या वाटेनेच गेला. दूरचे नातलग आणि पत्नी एलिनोर यांचे काका थिओडोर रूझवेल्ट यांनी मात्र एक वेगळी वाट आखून ठेवली होती. राज्य विधिमंडळ, नौदल खाते, राज्यपालपद आणि अखेर राष्ट्राध्यक्षपद अशा पायऱ्या ते चढले होते. थिओडोर रिपब्लिकन, तर फ्रँकलिन डेमोक्रॅट. १९१० मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रिपब्लिकनांचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या ग्रामीण मतदारसंघातून, लाल रंगाच्या मोटारीतून प्रचार करीत ते राज्य सिनेटवर निवडून आले.

ऑल्बनी या राजधानीत पाऊल टाकताच त्यांनी स्वपक्षाच्या श्रेष्ठींशी उभा दावा मांडला. त्या काळी अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य राज्य विधिमंडळे निवडत असत. न्यूयॉर्क शहरातील टॅमनी हॉल या पक्षयंत्रणेने विल्यम शीहन यांचे नाव पुढे केले. वीसेक बंडखोर आमदारांनी बैठकीस जाण्याचेच नाकारले आणि रूझवेल्ट त्यांचे प्रवक्ते बनले. मार्च १९११ अखेर शीहन यांचे नाव मागे पडले. पण त्यांच्या जागी आलेले ओगॉर्मन हेही टॅमनीचेच. नाव झाले, विजय अर्धाच मिळाला. या गदारोळात त्यांच्याकडे आलेल्या समितीकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकावे असे वन, मत्स्य व शिकार या विषयांत काय होते?

पुष्कळ होते. न्यूयॉर्कच्या उत्तरेस ॲडिरोन्डॅक हा डोंगराळ मुलूख आहे. हडसन नदीचा उगम तेथलाच. एकोणिसाव्या शतकात लाकूडव्यवसायाने हे डोंगर बोडके होऊ लागले, तेव्हा नद्या आटतील आणि कालव्यांचे पाणी तुटेल, या भीतीने व्यापारीही जागे झाले. १८८५ मध्ये राज्याने तेथील सरकारी जमीन राखीव वन म्हणून घोषित केली, १८९२ मध्ये ॲडिरोन्डॅक पार्कची सीमा आखली आणि १८९४ च्या राज्यघटनेत ही सरकारी वने कायम वन्य स्थितीतच ठेवली जातील, असे कलम घातले. सरकारी जमिनीवरील झाड तोडण्यास घटनेनेच मज्जाव केला. परंतु त्याच सीमेच्या आत अफाट खासगी जमीन होती आणि तिच्यावरील कुऱ्हाडीला कोणताही अटकाव नव्हता. डोंगराचा एक उतार घटनेने राखलेला आणि लगतचा उतार मालकाच्या मर्जीवर सोडलेला, अशी ही विसंगती होती. पाणी आणि माती यांना मात्र सातबाऱ्याची रेघ कळत नाही.

१९११ मध्ये राज्याने वन, मत्स्य, शिकार आणि जलपुरवठा यांची वेगवेगळी कार्यालये एकत्र करून संवर्धन आयोग स्थापला. त्याच वर्षी रानटी पशुपक्ष्यांच्या मांसाच्या विक्रीला बंदी घालणारा बेन कायदाही संमत झाला. पुढच्या वर्षी आले ते रूझवेल्ट-जोन्स विधेयक. त्यातील खरे वादग्रस्त कलम एकच होते. ठरावीक जाडीपेक्षा लहान झाडे खासगी जमिनीवरही तोडता येऊ नयेत, असे ते कलम सांगत होते. आपल्या मालकीच्या रानातील झाड कधी तोडावे हे सरकारने ठरवावे, ही कल्पना त्या काळच्या अमेरिकेत क्रांतिकारकच म्हणावी लागेल. लाकूड-व्यावसायिकांनी जोरदार विरोध केला. हा मालमत्तेच्या हक्कावर घाला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आमदारांचे मन वळविण्यासाठी रूझवेल्ट यांनी गिफर्ड पिंशो यांना ऑल्बनीस बोलावले. पिंशो हे अमेरिकेच्या वनखात्याचे प्रमुख होते आणि १९१० मध्येच अध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना पदावरून दूर केले होते. त्यांनी भाषणावर भर न देता पडद्यावर दोन चित्रे दाखविली. पहिले चीनमधील एका खोऱ्याचे सुमारे चार शतकांपूर्वीचे चित्र होते. त्यात गर्द रानाने झाकलेले डोंगर, भरून वाहणारी नदी आणि काठावर नांदते गाव दिसत होते. दुसरे त्याच जागेचे अलीकडचे छायाचित्र होते. त्यात डोंगर उघडे पडलेले, नदीचे पात्र दगडगोट्यांचे आणि गाव ओसाड होते. वरच्या उतारावरील झाडे गेली, माती गेली आणि मग खालची वस्ती गेली, हे सांगण्यास आकडेवारीची गरज उरली नाही. रूझवेल्ट ही हकीकत पुढे अध्यक्ष झाल्यावरही सांगत असत.

त्याच सुमारास, मार्च १९१२ मध्ये, ट्रॉय येथील भाषणात त्यांनी आपला विचार मांडला. व्यक्तिस्वातंत्र्याची लढाई बऱ्याच अंशी जिंकली गेली असून यापुढचा प्रश्न समाजाच्या सामाईक स्वातंत्र्याचा आहे; जंगल नष्ट करून शेजाऱ्याचे पाणी तोडण्याची मुभा ही स्वातंत्र्यात मोडत नाही, असा त्यांचा आशय होता. जर्मनीतील वनव्यवस्थापनाचा दाखलाही त्यांनी दिला. विचार स्पष्ट होता, चित्रे परिणामकारक होती, आणि तरीही ते कलम टिकले नाही. विधेयक संमत झाले; पण खासगी जमिनीवरील तोडीचे सक्तीचे नियमन त्यातून वगळावे लागले.

या पराभवापाठोपाठ त्यांना दुसरा, अधिक व्यावहारिक धडा मिळाला. १९१२ च्या फेरनिवडणुकीत रूझवेल्ट विषमज्वराने अंथरुणास खिळले आणि प्रचाराची सूत्रे लुई हाऊ यांच्या हाती गेली. हाऊ हे ऑल्बनीच्या विधिमंडळाचे वार्तांकन करणारे पत्रकार. त्यांनी व्यापक तत्त्वांची भाषा बाजूला ठेवून मतदारसंघातील माणसांची नेमकी गाऱ्हाणी हाती घेतली. हडसनमधील शॅड मासे धरणाऱ्या कोळ्यांना परवाना-शुल्क कमी करण्याचे, तर सफरचंद पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना पिंपाच्या प्रमाणित मापाचे आश्वासन पत्रांतून पोहोचविले. रूझवेल्ट घराबाहेर न पडता निवडून आले. निसर्गाच्या कायद्याला त्याच निसर्गावर पोट असणाऱ्यांचा पाठिंबा लागतो, हे यातून उमगले नसते तरच नवल. हाऊ पुढे मृत्यूपर्यंत त्यांचे सल्लागार राहिले.

१९१३ मध्ये रूझवेल्ट नौदल खात्याचे उपमंत्री म्हणून वॉशिंग्टनला गेले. १९२० मध्ये उपाध्यक्षपदाची निवडणूक हरले. १९२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिओने त्यांचे पाय कायमचे निकामी केले. सात वर्षे सक्रिय राजकारणाबाहेर काढून १९२८ मध्ये ते राज्यपाल म्हणून निवडून आले आणि पुन्हा ऑल्बनीस परतले. या मधल्या काळात एक गोष्ट खंडली नव्हती. हाइड पार्कच्या आपल्या जमिनीवर १९१२ च्या सुमारास सुरू केलेली वृक्षलागवड चालूच होती. मृत्यूपर्यंत तेथे पाच लाखांहून अधिक झाडे लावली गेली. मतदानाच्या वेळी व्यवसाय विचारला असता ते स्वतःस झाडे वाढविणारा म्हणवीत.

राज्यपाल या नात्याने त्यांनी जुनाच प्रश्न वेगळ्या बाजूने हाती घेतला. खासगी मालकास तोडबंदी करता येत नसेल, तर नापीक होऊन ओस पडलेली शेतजमीन राज्याने विकत घ्यावी आणि तिच्यावर वन उभारावे, अशी ही योजना होती. तिच्यासाठी अकरा वर्षांत सुमारे दोन कोटी डॉलर खर्चण्याची तरतूद करणारी घटनादुरुस्ती रिपब्लिकन सिनेटर चार्ल्स ह्युइट यांच्या नावाने आली. विरोधी पक्षाच्या सदस्याच्या नावावरील प्रस्तावाला रूझवेल्ट यांनी सारे बळ दिले; उलट त्यांच्याच पक्षाचे माजी राज्यपाल अल स्मिथ विरोधात उभे ठाकले. नोव्हेंबर १९३१ मध्ये मतदारांनी दुरुस्तीला कौल दिला. श्रेय दुसऱ्याला देऊन काम पदरात पाडून घेण्याची ही हातोटी १९१२ च्या रूझवेल्ट यांच्यापाशी नव्हती.

१९३३ मध्ये अध्यक्षपदी येताच महिन्याच्या आत त्यांनी बेरोजगार तरुणांचे वनसंवर्धन दल उभारले. महिना ३० डॉलर वेतन, त्यातील बहुतांश घरी पाठविण्याची अट, आणि काम वृक्षलागवडीचे व मृदसंधारणाचे. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण या दलातून गेले आणि तीनशे कोटींच्या आसपास झाडे लागली. या चित्राला काळी किनारही आहे. कृष्णवर्णीयांच्या छावण्या बहुतेक ठिकाणी वेगळ्या होत्या आणि स्त्रियांना दलाची दारे बंद होती.

मातीच्या कायद्याची गोष्ट पुन्हा समितीकडेच नेते. १९३५ च्या वसंतात ह्यू बेनेट हे मृदातज्ज्ञ सिनेटच्या समितीपुढे साक्ष देत होते. पश्चिमेच्या मैदानांतून उठलेले धुळीचे वादळ राजधानीकडे येत असल्याची वार्ता त्यांना होती. म्हणून त्यांनी साक्ष लांबवीत नेली आणि अखेर खिडकीबाहेरचे आभाळ काळवंडले, असे सांगितले जाते. एप्रिलमध्ये मृदसंधारण कायदा झाला. परंतु जमीन हा विषय राज्यांचा. तेव्हा १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी सर्व राज्यपालांकडे एका नमुना कायद्याचा मसुदा धाडला. शेतकऱ्यांनीच आपापल्या भागात मृदसंधारण जिल्हे स्थापावेत, जमिनीच्या वापराचे नियमही मतदानाने ठरवावेत, असे त्यात होते. पुढील दहा वर्षांत सर्व ४८ राज्यांच्या विधिमंडळांनी असे कायदे केले. काहींनी मात्र नियमनाचा अधिकार तेवढा गाळून टाकला. ऑल्बनीची पुनरावृत्ती झाली होती.

याच रूझवेल्ट यांच्या एका निर्मितीचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. मे १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाने एका नदीचे संपूर्ण खोरे हे नियोजनाचे एकक मानले. १९४३ मध्ये दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडविल्यानंतर, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच नमुन्याचा आग्रह धरला. टेनेसीतील अनुभवी अभियंता वूरडुइन यांनी प्राथमिक आराखडा केला आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. तो कायदा करण्यापूर्वी बिहार आणि पश्चिम बंगालच्या विधिमंडळांचे ठराव घ्यावे लागले होते. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९७४ चा जलप्रदूषण कायदा हेही राज्यांच्या ठरावांवरच उभे राहिले. टेनेसीच्या पहिल्याच मोठ्या धरणाने सुमारे तीन हजार कुटुंबे उठविली. दामोदरच्या खोऱ्यातही गावे पाण्याखाली गेली. योजनेबरोबर तिचे दुखणेही आले.

आपल्या संसदेत विभागवार स्थायी समित्या आल्या त्या १९९३ मध्ये. वन्यजीव कायद्यातील दुरुस्ती विधेयकाची अशा समितीने सविस्तर छाननी करून २०२२ मध्ये बदल सुचविले. पुढच्याच वर्षी वनसंवर्धन कायद्याचे दुरुस्ती विधेयक स्थायी समितीऐवजी संयुक्त समितीकडे गेले आणि काही सदस्यांच्या भिन्नमतपत्रिका जोडून, एकाही बदलाची शिफारस न होता परत आले. दोन्ही विधेयकांचे कायदे झाले. त्यांतील कोणत्या शब्दाचे मोल काय, हे कळण्यास काही दशके जावी लागतील.

ऑल्बनीत तसेच घडले. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे रूझवेल्ट यांचे निधन झाले. हाइड पार्कला, स्वतः वाढविलेल्या वनराईच्या सान्निध्यात त्यांचे दफन झाले. ॲडिरोन्डॅकमधील खासगी जमिनीच्या वापरावर राज्याने देखरेख आणली ती १९७१ मध्ये पार्क प्राधिकरण नेमून आणि १९७३ मध्ये जमीनवापर आराखड्यास मान्यता देऊन. पार्कच्या सुमारे साठ लाख एकरांपैकी निम्म्याच्या आसपास जमीन खासगी आहे. तरुण समिती-अध्यक्षाच्या विधेयकातून जे १९१२ मध्ये वगळले गेले, त्याच्याजवळ जाणारे काही येण्यास साठ वर्षे लागली. दरम्यान तुटलेल्या झाडांची नोंद कोणत्याही समितीच्या इतिवृत्तात नाही.